हद्दीबाहेरचा जावई

पितांबर मास्तरांनी ते सहा नियम वळणदार अक्षरात लिहून काढले, तेव्हा हेच नियम एक दिवस काठी घेऊन आपल्याच वाटेत उभे राहतील, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. नियम लिहिणाऱ्याचं नेहमी असंच होतं. छडीचं एक टोक आपल्या मुठीत आहे, म्हणजे दुसरंही आपल्याच बाजूचं, असं त्याला वाटत राहतं.

एकोणीसशे अठरा सालची गोष्ट. भादवा सरत आला होता. पाचोऱ्याला आगगाडी थांबायची, तिच्यातून माणसं उतरायची, आणि माणसांच्या मागोमाग तिकीट न काढता ताप उतरायचा. लोक त्याला मानमोडी म्हणत. सकाळी ओट्यावर दात घासताना दिसलेला माणूस चौथ्या दिवशी नुसता आठवणीत दिसायचा. शाळेला कुलूप लागलं. मास्तरांचा तिसरीचा वर्ग रिकामा झाला, आणि घर तर त्याआधीच रिकामं होतं. बायको झुंबर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, पारोळ्यापासून दोन कोसांवरच्या खापरपिंपरीला.

ती गेल्यापासून घराला आवाज म्हणून राहिला नव्हता. तांब्या ठेवला तर तांब्याचा आवाज व्हायचा, पण त्यामागून "हळू ठेवा ना" असं कुणी म्हणायचं नाही, तेव्हा तो आवाजही अर्धाच वाटे. खुंटीवरचं तिचं लुगडं मास्तरांनी काढलं नव्हतं. भाकरी करायला बसले की परातीतल्या पिठात बोटानं तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढत, मग कुणी पाहिलं तर काय म्हणेल या भीतीनं घाईघाईनं वर पाणी ओतत. त्यामुळे पीठ रोज सैल होई आणि भाकरी रोज फाटे. प्रेमानं पोट भरत नाही, असं जे म्हणतात त्याचा मास्तरांना असा रोकडा अनुभव येत होता.

सबनीस डॉक्टर म्हणजे त्या गल्लीतल्या सगळ्यांचे घरचे डॉक्टर. नाडी धरून सासूची, सुनेची आणि व्यालेल्या गाईची सारख्याच मायेनं चौकशी करणारे. मास्तर त्यांच्याकडे गेले तेव्हा ते हात धूत होते. त्या दिवसांत ते सदा हातच धूत असत.

"डॉक्टर, सासुरवाडीहून पत्र आलंय. दिवस भरत आलेत. औषध काही पाठवता येईल का?"

"मास्तर, खरं सांगू? औषध माझ्याकडे नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही. आहे ती खबरदारी. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला ही साथ फार वाईट धरते. साथीला गावात शिरूच देऊ नका. लिहा."

मास्तरांनी लिहिलं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दोन वेळा. पाणी उकळून प्यावं. खोकताना शिंकताना तोंडावर फडकं. बाजार, भजन, पंगत बंद. आजाऱ्याची खोली वेगळी. आणि बाहेरगावाहून आलेला माणूस दहा दिवस गावाबाहेर, ताप नाही अशी खात्री झाली तरच आत.

घरी येऊन मास्तरांनी हे सगळं कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवलं. सहाव्या नियमापाशी आल्यावर त्यांच्यातला मास्तर जागा झाला. डॉक्टरांचं वाक्य त्यांना लेचंपेचं वाटलं. त्यांनी पुढं जोडलं, 'मग तो राजा असो, साधू असो वा सोयरा असो,' आणि लाल शाईनं खाली दुहेरी रेघ मारली. कागद सासऱ्यांकडे रवाना झाला. सासरे कौतिक पाटील खापरपिंपरीचे गावपाटील होते, आणि शिकलेल्या जावयाचा शब्द त्यांना सरकारी हुकमाहून मोठा होता.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. 'चि. झुंबर सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. आपल्या चिठ्ठीबरहुकूम गावात चोख बंदोबस्त आहे, काळजी नसावी.' आणि खाली, पाटलांची सही संपल्यावर उरलेल्या बोटभर जागेत, मास्तरांनीच झुंबरकडून पाटीवर गिरवून घेतलेल्या वाकड्या अक्षरात तीन शब्द होते. 'डोळे तुमचे आहेत.'

मास्तरांनी ते कार्ड बसून वाचलं, उभं राहून वाचलं, दिव्याशी नेऊन वाचलं. मग आरशात जाऊन स्वतःचे डोळे पाहिले. सत्तावीस वर्षं वापरलेली ती वस्तू, त्यात पाहण्यासारखं काही आहे असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांचा निश्चय झाला. जायचं.

पण सरकारी मास्तरानं जायचं म्हटलं की पायांआधी कागद चालावे लागतात.

"गाव सोडायला परवानगी लागेल," तालुक्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला.

"शाळा तर बंद आहे."

"म्हणून तर. चालू असती तर रजा लागली असती. बंद आहे म्हणून परवानगी. आणि साथीचे दिवस आहेत, प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला जोडा."

सबनीस डॉक्टर त्या दिवशी चोवीस घरं करून आले होते. "मास्तर," ते ओट्यावर टेकत म्हणाले, "आजाऱ्यांना लिहून द्यायला मला उसंत नाही, आणि तुम्ही धडधाकट आहात हे लिहून मागता?" तरी त्यांनी लिहिलं. घडी करून दिलं. मास्तरांनी मोठ्या विश्वासानं ते न वाचता कारकुनासमोर ठेवलं, आणि कारकुनानं ते खणखणीत आवाजात वाचलं.

"'पितांबर मास्तर यांस ताप, खोकला, पडसे नाही. तक्रार एकच, घर खायला उठते. उतारा पारोळ्याकडे मिळेल.'"

कोपऱ्यातल्या शिपायाला नीट ऐकू आलं नव्हतं म्हणून कारकुनानं ते पुन्हा वाचलं. कचेरीत महिनाभरात कुणी हसलं नव्हतं. त्या दिवशी हसले, आणि शिक्का लगेच बसला. मास्तरांची मान मात्र मानमोडीशिवायच मोडली.

निरोप घेताना डॉक्टर दाराशी आले. "जा. पण पोचल्यावर दहा दिवस वेगळे राहा बरं. या साथीला स्वतःचे पाय नाहीत, ती आपल्या पायांनी चालते." मास्तर "हो, हो" म्हणाले. तिसरीची पोरं त्यांना जसं म्हणत, अगदी तसंच.

गल्लीला बातमी लागायला वेळ लागत नाही. शेजारच्या भागाबाईनं हिंगाची पुरचुंडी आणली. "मास्तर, गयामा बांधी ल्या. मना बापनी पटकीमा बांधेल व्हती, शंभरीले एक कमी जगना." कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार सुरेशचंद शेठ कापूर आणि ओव्याची पोटली घेऊन आले. "मास्टरजी, ही दर कोसाला हुंगायची. आणि भागाबाईचा हिंग काढून टाका, हिंग गरम पडतो." भागाबाई म्हणाली, कापूरच उष्ण. दोघांचा वाद ओट्यावर पाऊण तास चालला, आणि निकाल न लागल्यामुळे दोन्ही वस्तू मास्तरांच्या गळ्यात पडल्या. त्यावर कुणी दोन्ही खिशांत एकेक कांदा कोंबला, कुणी गाडीला कडुनिंबाचे डहाळे बांधले. मास्तर भागाबाईच्या पाया पडले, तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि गाडी निघाली. आगगाडीत गर्दी म्हणून ही बैलगाडी. दीड दिवसाच्या वाटेवर बैल वरचेवर मान वळवून मागे बघत होते. मागे नेमकं काय लादलं आहे, हे त्यांना कळेना.

बाळ पाच दिवसांचं झालं त्या सकाळी खापरपिंपरीची वेस दिसली. वेशीत बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. काट्यांमागे तोंडाला फडकं बांधून गावचा जागल्या चुडामण उभा.

"थांबा! तठेच थांबा!"

"अरे चुडामण, मी आहे. ओळखलं नाहीस?"

"वळखं ना मास्तर. पहिले हिंगना वास उना, मंग तुम्ही उनात."

"मग काट्या काढ."

"कशा काढू? तुम्हीनच लिखेल शे ना!" चुडामणनं काठीनं वेशीच्या दगडाकडे दाखवलं. तिथं पिठाच्या खळीनं डकवलेला कागद होता. वळणदार अक्षर. लाल दुहेरी रेघ. चुडामणला अक्षरओळख नव्हती, पण पाटील रोज संध्याकाळी साऱ्या गावाकडून नियम म्हणवून घेत. त्यानं छाती काढून सहावा नियम घडाघडा म्हटला, आणि 'सोयरा असो' या ठिकाणी मास्तरांनी रेघ मारली होती तसाच आवाजही चढवला. तिसरीच्या एकाही पोरानं मास्तरांचं काही इतकं चोख पाठ केलं नव्हतं.

कौतिक पाटील धावत आले आणि दहा हातांवर थबकले. म्हातारा मोठ्या पेचात होता. "जवाईबापू," तो हात जोडून म्हणाला, "तुम्हले गावमा घेवो तं तुमना शबद मोडस. तुम्हले परत धाडो तं गावनं नाक कटस. आते तुम्हीनच सांगा, काय करवो?"

मास्तरांच्या ओठांवर आलं होतं की शब्द गेला खड्ड्यात, मला आत घ्या. पण काट्यांपलीकडे अख्खं गाव फडकी बांधून गोळा झालं होतं आणि त्यांच्याकडे असं पाहत होतं, की जणू कागदच दोन पायांवर चालत आला आहे. मास्तरांनी कोट सारखा केला. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. गावानं मान डोलावली. त्या क्षणी मास्तरांना स्वतःचा जितका अभिमान वाटला, तितकाच संताप आला.

मग पाटलांच्या खळ्यावरची खोपी शेणानं सारवून निघाली. गादी आली, उशाला लोड आला. खळं गावाच्या कडेला. मधे कपाशीचं एक शेत, आणि शेताच्या पलीकडे थेट पाटलांच्या घराची मागची भिंत. भिंतीत एक छोटी खिडकी, बंद. बाळंतिणीची खोली ती. तिला वारा लागू नये म्हणून सव्वा महिना बंदच राहायची. मास्तरांनी पावलं मोजली नाहीत, नजरेनंच मोजली. दोनशे असतील. दीड दिवस गाडीत बसून आलेल्या माणसाला ती दोनशे पावलं पाचोऱ्याहून लांब वाटली.

आणि पाहुणचार सुरू झाला.

खापरपिंपरीत एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई. एरवी पंगत असती तर एकदाच उरकलं असतं, पण पंगतीला मास्तरांच्याच चौथ्या नियमानं बंदी होती. म्हणून घरोघरची ताटं वेगवेगळी येऊ लागली. बांधावर एक मोठा दगड होता. आणणारी बाई त्यावर ताट ठेवी, दहा हात मागे सरे. मग मास्तरांनी पुढं यायचं. देवाला नैवेद्य ठेवतात तसंच सगळं. फरक इतकाच, देवानं खाल्लं नाही तरी कुणी रुसत नाही. इथं बाई बांधावर उभी राहून शेवटचा घास जाईपर्यंत पाहायची. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, खापरावरचे पंच्याएवढे मांडे, त्यावर तुपाची धार. पहिल्या दिवशी तीन ताटं. दुसऱ्या दिवशी पाच.

सकाळी ताप बघायचा. पण हात लावायचा नाही, तर ताप बघणार कसा? पंचांनी तोड काढली. चुडामण दहा हातांवर काठी टेकून उभा राही आणि म्हणे, "मास्तर, जीभ!" मास्तर जीभ काढत. बांधावर जमलेली बायामाणसं ती बघत, आणि "लाल शे", "कालथून बरी शे", अशी आपसात बोलत. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करून हात पुढं करायला लावले, त्यानं रोज सकाळी गावासमोर जीभ बाहेर काढावी, याला काव्यात न्याय म्हणत असतील. मास्तर त्याला दुसरं काही म्हणत.

पण या सकाळच्या आधीही एक पहाट असे.

सासू भिकुबाई जावयाशी समोरासमोर बोलत नव्हत्या. त्यांच्या पिढीत तशी रीतच नव्हती. पहाटे त्या मागच्या पडवीत जात्यावर बसत, आणि सासूनं जावयाला जे सांगायचं ते ओवीत सांगत. आवाज कपाशीवरून तरंगत खळ्यावर येई. ओवी म्हणजे बायांचं गुणगुणणं, त्यात व्याकरण नाही की विचार नाही, असं शिकलेल्या मास्तरांचं आजवरचं मत. तिसऱ्या पहाटे त्यांनी ऐकलं,

लेकीची गं लेक, मूठ तिची झाकलेली
बापाच्या बोटासाठी जागा तिनं राखलेली

मास्तर गादीवर उठून बसले. अंधारात त्यांनी स्वतःचं बोट वर धरून पाहिलं. त्या दिवसापासून कोंबड्याआधी जागे होऊन ते जात्याच्या पहिल्या घरघरीची वाट बघू लागले. कधी ओवीत बाळाची जांभई यायची, कधी टाळूला चोळलेलं तेल. आणि चौथ्या पहाटे, आदल्या दिवशी घरचं ताट अर्धं परत गेल्यामुळे, हेही आलं,

जावई लाडका, माझं ताट ये माघारी
परक्या घरची त्याला गोड लागली भाकरी

हा टोमणा ऐकून मास्तरांनी त्या दिवशी घरच्या ताटाला न्याय दिला, मग बाकीची पाच रुसू नयेत म्हणून त्यांनाही दिला. दुपारपासून तांब्या घेऊन ओढ्याकडे धाव सुरू झाली. चुडामण बोटांवर मोजत होता. पाचव्या खेपेला त्यानं गावात वर्दी दिली.

पंच बांधावर येऊन बसले. मानमोडी पोटातून सुरू होते की डोक्यातून, यावर वाद पेटला. एक म्हणाला, खात्री नसेल तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. "अहो, मला ताप नाही! मांडे जास्त झाले!" ते कळवळून ओरडले. पण आमच्या मांड्यांनी पोट बिघडलं असं म्हणणं म्हणजे सहा घरांच्या सहा सुगरणींवर आळ. सहाही जणी तिथंच बांधावर होत्या.

शेवटी कौतिकआबांनीच मार्ग काढला. "बिमार मानूस पयस का? जवाईबापू, खयाले दोन चक्कर मारा. मंग कोनी काही बोलावं नही."

आणि पितांबर मास्तर पळाले. कोट, पगडी, धोतराचा सोगा दातांत, गळ्यात हिंग आणि कापूर उडतायत, खिशातला एक कांदा पहिल्याच वळणावर घरंगळला. पंच फेऱ्या मोजत होते. बाया तोंडाच्या फडक्यावरून पदरही लावून हसत होत्या. दुसऱ्या फेरीत कपाशीच्या बाजूला येताना मास्तरांची नजर त्या बंद खिडकीकडे गेली, आणि फळीच्या फटीमागे काहीतरी हलल्यासारखं वाटलं. त्यांनी तोंडातला सोगा सोडला आणि छाती काढून, डौलात पळायचा प्रयत्न केला. डौलात पळता येत नाही. धोतर पायात आलं आणि गावाचा जावई कडब्याच्या गंजीत जाऊन पडला. दिवस मात्र पुन्हा मोजावे लागले नाहीत.

सहाव्या दिवशी पाचोऱ्याकडून एक गाडीवान आला. वेशीबाहेरूनच निरोप सांगून गेला. मास्तरांच्या गल्लीत ताप शिरला होता. सुरेशचंद शेठांचा थोरला भाऊ गेला. भागाबाई अंथरुणावर होती, डॉक्टर दिवसातून दोनदा येत होते.

मास्तर खळ्यावर बसून राहिले. भागाबाईनं गालावरून फिरवलेला हात त्यांना आठवत होता. तो हात कोणत्या दिवसाचा, हे ते पुन्हा पुन्हा मोजत होते. साथ आपल्या पायांनी चालते, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आपण "हो, हो" म्हणालो होतो. या पायांनी आपण सरळ त्या खोलीत गेलो असतो, बाळाच्या मुठीत बोट दिलं असतं. त्या संध्याकाळी त्यांनी गुळण्या केल्या त्या मनापासून. आलेलं ताट परत गेलं, आणि दुसऱ्या पहाटेच्या ओवीत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

आठवा दिवस बारशाचा. बाळाला बारा दिवस झाले होते. गर्दी बंद म्हणून पाचच बाया जमणार, असं चुडामणनं सांगितलं होतं. मास्तर सकाळपासून कान देऊन बसले. पाळण्याचं गाणं कपाशीवरून येईल, नाव आलं की झडप घालून धरायचं. पण नुसता भांड्यांचा आवाज आला, थोडी कुजबुज, मग काहीच नाही. ऊन चढलं. तिसऱ्या प्रहरी गाव जेवून आडवं झालं. चुडामणही वेशीच्या सावलीत पेंगला.

मास्तरांना राहवेना. माणूस मुलीला पाहू शकत नाही, धरू शकत नाही, एक वेळ चालेल. पण आपल्या मुलीचं नाव काय हे जगात पाच बायांना ठाऊक, आणि आपल्याला नाही? त्यांनी तोंडाला फडकं घट्ट बांधलं आणि कपाशीत शिरले. उंबरा ओलांडायचा नाही, कुणाला शिवायचं नाही, नाव ऐकायचं आणि परत यायचं. फुटलेली बोंडं दोन्ही बाजूंनी कोटाला धरत होती. दोनशे पावलं. मास्तरांनी ती श्वास न घेता चालून काढली.

भिंत उन्हानं तापली होती. आत कुणीतरी इवलंसं, अगदी इवलंसं, उचकी देत होतं.

"झुंबर," मास्तर म्हणाले. लग्नाला तीन वर्षं झाली, तिचं नाव त्यांनी दिवसाउजेडी कधी घेतलं नव्हतं.

आत बांगड्या थांबल्या. "कोण?"

"मी."

मग खिडकीजवळून, अगदी फळीला ओठ लागतील इतक्या जवळून, "कितवा दिवस?"

"आठवा."

"म्हणजे दोन राहिले," झुंबर म्हणाली. तिला आकडे त्यांनीच शिकवले होते. "आणि इथं कशाला आलात? त्या दिवशी पळालात तेवढं पुरे नाही झालं?"

"तू पाहिलंस?"

"फटीतून. पडलात तेव्हा मी इतकी हसले, की आई ओरडली मला. लागलं नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाले. गुडघा अजून ठणकत होता. "नाव काय ठेवलं?"

"नाही ठेवलं."

"म्हणजे? बारसं झालं ना?"

"बाया आल्या, बसल्या, घुगऱ्या घेऊन गेल्या. मी म्हटलं, पाळण्याची दोरी बांधून ठेवा. तिचा बाप हद्दीबाहेर आहे. तो आत आला म्हणजे नाव आत येईल. आईला राग आला. गावात बोलणीही होतील. होऊ देत."

मास्तरांनी दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले. माती ऊबदार होती. आतली उचकी थांबून आता बारीक कुरकुर सुरू झाली होती. झुंबर तिला काहीतरी हळू म्हणत होती, शब्द नसलेलं.

"कशी आहे गं?"

"लबाड आहे. सगळं गाव निजलं की ही जागी. नाक तुमच्यावर गेलंय, त्याला इलाज नाही."

"झुंबर, एकदाच उघड खिडकी. मी लांब उभा राहतो. तोंड बांधलंय. एकदाच बघतो आणि जातो."

कपाशीवरून एक पाखरू भिरभिरत गेलं. मास्तरांना आतून श्वास ऐकू येत होता, दोन. एक मोठा, एक छोटा.

"पाचोऱ्याची बातमी आली इथं," झुंबर शेवटी म्हणाली. "भागाआत्यांची." आणि एरवी त्यांच्याशी शाळेतल्यासारखं नीट बोलणारी ती, एकाएकी माहेरच्या बोलीत आली. "नही उघाडत मी. मना हात कडीवरच शे. केव्हाना शे. तुम्हीन जा आते. तुम्हीन गयात, तव्हयच मनाघाई हात काढाई जाई."

तिचा हात कडीवरून निघावा म्हणून मास्तरांनी तळवे भिंतीवरून उचलले. त्यासाठी जोर लागला. ते वळले आणि आले त्याच सरीतून परत निघाले. या वेळी ती पावलं त्यांनी मोजली, मोठ्यानं, म्हणजे ती आत ऐकू जावीत आणि तिला कळावं की माणूस जातोय. पन्नास. शंभर. दीडशे.

खळ्याच्या बांधाशी पोचले तेव्हा मागं लाकूड करकरलं.

खिडकी उघडली होती. दोनशे पावलांवरून चेहरे दिसत नव्हते. चौकटीत हिरव्या लुगड्याचा एक तुकडा, आणि त्याच्यापुढं, दोन हातांवर उंच धरलेलं, पांढऱ्या फडक्यातलं काहीतरी. एवढंसं. कपाशीचं एखादं बोंड जास्त फुटावं, एवढंसं. मास्तर बांधावर उभे राहिले, मग त्यांना वाटलं आपण नीट दिसत नसू, म्हणून नैवेद्याच्या त्या दगडावर चढले आणि दोन्ही हात वर केले.

ऊन कललं तरी ते तसेच होते. चुडामण डोळे चोळत आला, दहा हातांवर थांबला, दगडावर चढून हात वर केलेल्या जावयाकडे बघून घाबरला.

"मास्तर! ताप चढना का काय? जीभ दखाडा पाहू!"

मास्तरांनी मान न वळवता, नजर न हलवता, फडकं खाली ओढून जीभ काढली. तिकडे खिडकीत तो पांढरा तुकडा किंचित हलला. मग झुंबरनं तो आणखी उंच धरला.